आकड्याआधी डोक्याचं तेल

सकाळी ७. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणारी धिमी लोकल. दिवा, मुंब्रा, कळवा. पुढे खाडी येते आणि गर्दीच्या फटीतून तिचा वेडावाकडा, चिखलाचा काठ दिसतो. ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉटने मांडला होता. मोजपट्टी जितकी लहान, तितकी लांबी वाढत जाते, कारण वळणांच्या पोटात वळणं असतात. ही वाढ कोणत्या दराने होते, ते फ्रॅक्टल मिती सांगते. मेंदूच्या लहरी मी याच हिशेबाने मोजते. निदान संध्याकाळी तरी. दिवसभर मी ईईजीची टेक्निशियन.

८. केस शाम्पूने धुवून या, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असतं. नातीला घेऊन कल्याणहून आलेल्या आजी म्हणतात, "थोडंसंच लावलंय हो, त्याशिवाय झोपतच नाही ती." थोडंसं म्हणजे बोटांना लागेल इतकं. ते पुसायचं, मग टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत अंतर घ्यायचं, त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे.

९ ते १२. डोळे मिटा, उघडा, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या, आता लुकलुकता दिवा. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झची संथ, नियमित लहर उमटते. हान्स बर्गरने १९२९ मध्ये तिचं वर्णन छापलं, आणि मला ती अजून रोज बघावीशी वाटते. भिंतीतल्या विजेचे ५० हर्ट्झही पट्टीत घुसतात. मग कुणाचा तरी चार्जर शोधून काढावा लागतो. फिटचं निदान डॉक्टर डोळ्यांनी पट्टी वाचून करतात. माझा मितीचा आकडा रिपोर्टात जात नाही, आणि जाऊही नये.

१. डबा.

२. विसरभोळेपणासाठी आणलेले एक आजोबा. अल्झायमरमध्ये लहरींची गुंतागुंत कमी झालेली आढळते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण गाढ झोपेतही ती कमी होते, भुलीखालीही. जेवून आलेल्या आजोबांना खुर्चीत डुलकी लागली, तर घसरलेला आकडा आजाराचा की वरणभाताचा? "आजोबा, झोपू नका हं," असं म्हणत मी पट्टीवर प्रत्येक डुलकीची खूण करत राहते.

४. संमती दिलेल्यांच्या फाइली नावं काढून संगणकावर घेते. हिगुची यांची १९८८ची पद्धत: आधी सगळे बिंदू जोडून रेषेची लांबी काढायची, मग एकाआड एक, मग दोन सोडून तिसरा, असं पुढे. लांबी किती झपाट्याने घटते त्यावरून मिती. गुळगुळीत रेषेला १, निव्वळ खरखरीला २ च्या जवळ. मेंदू मध्ये कुठेतरी. गंमत अशी, की आवळलेल्या जबड्याचे स्नायूही खरखर करतात आणि माणूस फार 'गुंतागुंतीचा' ठरतो. पापणी लवली की मोठी संथ लाट येते, आकडा उतरतो. ७० ऐवजी ३० हर्ट्झचा फिल्टर लावला तरी तोच मेंदू साधा होतो. त्यामुळे फिल्टर न सांगता दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवणारे तक्ते मी वाचत नाही. एमआरआयवर चौकटी मोजून मेंदूच्या घड्यांची मितीही काढतात. तिथे रुग्णाचं डोकं हललं की तोच गोंधळ.

६. आजोबांच्या फाइलीत झोपेचा रकाना भरला आहे, फिल्टरचाही, औषधांचा रिकामा. मुलाला फोन लावते. "दादा, बाबांना रात्री कुठली गोळी देता?" तो पाकिटाचा फोटो पाठवतो. झोपेची गोळी, आणि त्या गटातल्या गोळ्या जलद लहरी वाढवतात, म्हणजे आकडाही चढवतात. दुपारच्या डुलकीने उतरलेला, रात्रीच्या गोळीने चढलेला. ही फाइल तुलनेच्या गटातून बाहेर काढते आणि कारण शेजारी लिहून ठेवते.