फेरीबोटीवरचा दांडा आणि चिकित्सक विचार

एखादी गोष्ट खरी मानण्याआधी तिचे आधार तपासणे, आणि त्या तपासणीतून स्वतःचे मतही न वगळणे, याला चिकित्सक विचार म्हणतात. अमेरिकेत हा विषय कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १९८० मध्ये तो पदवीसाठी आवश्यकच केला. असा अभ्यासक्रम संपत आला की अनेकदा एक चिंतनपर असाइनमेंट येते. चिकित्सक विचाराची व्याख्या स्वतःच्या शब्दांत करा आणि आपल्या विचार करण्यात काय बदलले ते लिहा, असे त्यात सांगितलेले असते. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चिकित्सक विचारावर भर असल्याने हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्यांनाही परका राहिलेला नाही.

पहिली अडचण शब्दापाशीच येते. मराठीत ‘फार चिकित्सा करू नये’ असे बजावले जाते आणि खोट काढणाऱ्या माणसाला ‘चिकित्सक’ म्हणून बाजूला ठेवले जाते. इंग्रजी शब्दाचेही तेच झाले आहे, क्रिटिकल म्हटले की अनेकांना टीकाच आठवते. त्या शब्दाचे मूळ मात्र ज्या ग्रीक क्रियापदात आहे, त्याचा अर्थ वेगळे करणे, पारखणे, निवाडा करणे असा आहे. ताटात तांदूळ पसरून खडे निवडणाऱ्या हाताला तांदळाशी वैर नसते. खडा कोणता आणि दाणा कोणता, एवढेच तो पाहतो. व्याख्या करायला बसलेल्या विद्यार्थ्याने हा अर्थ आधी पक्का धरावा.

या विचाराची आधुनिक मांडणी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या १९१० च्या ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात आहे. ड्युई त्याला चिंतनशील विचार म्हणत. म्हणजे चिंतन आणि चिकित्सा हे दोन शब्द आज वेगळे वाटत असले, तरी सुरुवातीला ते एकाच गोष्टीसाठी होते.  

विचाराच्या पायऱ्या दाखवताना ड्युईंनी जी उदाहरणे घेतली, ती त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या लेखी कामातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. त्यातले एक फार बोलके आहे. रोज फेरीबोटीने नदी ओलांडणाऱ्या एका विद्यार्थ्याला वरच्या डेकवरून पुढे आलेला लांब पांढरा दांडा दिसतो. टोकाला सोनेरी गोळा आहे. झेंड्याची काठी असणार, असे त्याला वाटते. रंग, आकार, गोळा सगळे त्याला जुळते. मग लक्षात येते की दांडा जवळजवळ आडवा आहे, झेंडा चढवायला दोरी नाही की कप्पी नाही, आणि झेंड्यासाठी दोन उभ्या काठ्या दुसरीकडे आहेतच. शोभेसाठी असेल का? पण तसाच दांडा साध्या टगबोटींवरही आहे. बिनतारी संदेशासाठी? तर तो सर्वांत उंच जागी हवा होता. शेवटी तो पाहतो की दांडा सुकाणूवाल्याच्या केबिनपेक्षा खाली आहे आणि त्याचे टोक किंचित वर उचललेले आहे. म्हणजे बोटीचे तोंड कुठे आहे हे सुकाणूवाल्याला त्यावरून कळत असणार. हा तर्क इतरांपेक्षा सरस ठरतो, म्हणून तो स्वीकारतो.

अडचण जाणवणे, ती नेमकी करणे, उत्तर सुचणे, त्या उत्तरातून पुढे काय निघते ते ताडणे, आणि पुन्हा पाहून ते पक्के करणे किंवा सोडून देणे, या ड्युईंच्या पाच पायऱ्या. त्यांचा पुरावा म्हणून पुढे आलेले कागद विद्यार्थ्यांचे होते, हे विसरता कामा नये.

पुढच्या व्याख्या या पायावर उभ्या राहिल्या. एडवर्ड ग्लेसर यांनी १९४१ मध्ये कौशल्य आणि तर्कपद्धतीचे ज्ञान यांच्या जोडीला वृत्तीही मोजली. पारखता येणे वेगळे आणि पारखण्याची इच्छा असणे वेगळे. रॉबर्ट एनिस यांनी काय मानावे आणि काय करावे हे ठरवण्यावर भर दिला. १९९० मध्ये पीटर फॅसिओन यांनी अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनसाठी ४६ तज्ज्ञांचे एकमत अहवालात मांडले. त्यात सहा कौशल्ये आहेत: अर्थ लावणे, विश्लेषण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचारावर नजर ठेवणे. पहिली पाच दुसऱ्याच्या लेखावर किंवा भाषणावरही चालवता येतात. सहावे मात्र फक्त स्वतःवरच चालते, आणि चिंतनपर असाइनमेंट खरे तर त्याच्यासाठीच असते.

म्हणूनच पुस्तकातली व्याख्या उतरवून ‘या अभ्यासक्रमामुळे माझी विचारशक्ती वाढली’ असे लिहिलेले पान पोकळ वाटते. त्यात एकही दांडा नसतो. समजा, पहाटे केलेला अभ्यास जास्त लक्षात राहतो असे एखादी विद्यार्थिनी मानत आली आहे. ती लिहिते की हे मत घरात ऐकून तयार झाले आणि एका परीक्षेतल्या चांगल्या गुणांनी घट्ट झाले. मग तिला आठवते की तो पेपरच सोपा होता. रात्री अभ्यास करूनही जमलेले पेपर तिने कधी मोजलेच नव्हते. पुढचे तीन आठवडे ती वहीत वेळ, विषय आणि दुसऱ्या दिवशी किती आठवले ते टिपते. गणितात पहाटेचा फरक दिसतो, इतिहासात दिसत नाही. झोप किती झाली हे टिपायचे राहून गेले, त्यामुळे श्रेय पहाटेचे की झोपेचे हे अजून ठरलेले नाही, असेही ती नोंदवते. त्याखाली ती स्वतःची व्याख्या लिहिते: जे मत सोयीचे वाटते, त्याच्या विरुद्धचे दाखलेही तितक्याच काळजीने मोजणे.