मॉर्टगेजची भावकी

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात जा आणि 'इंग्लिश सुधारायचंय' एवढंच म्हणा. दुकानदार मान वर न करता नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' काउंटरवर ठेवेल. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे आजही फुटपाथपासून एअरपोर्टपर्यंत दिसतं. घेतात सगळेच. पण जुनी कॉपी उघडून बघा. पहिली तीस पानं मळलेली, पुढची कोरी करकरीत!

मला विचाराल तर यात आळसाचा दोष कमी आणि यादीचा जास्त आहे. पुस्तक बिचारं मुळांपासून शब्द शिकवतं, आपण मात्र त्याचीही यादी करतो. जीआरई देऊन अमेरिकेला जाणारी एक अख्खी पिढी बॅरन्सच्या साडेतीन हजार शब्दांवर पोसली. 'अबेट', 'अ‍ॅबरेशन', 'अ‍ॅब्स्टीमियस'... सीपर्यंत येता येता दम संपायचा. गंमत म्हणजे ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईनेच विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न काढून टाकले. शब्द वाक्यात कसा बसतो, हे बघायला सुरुवात केली. आणि हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर १८८५ सालीच लिहून ठेवलंय की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते सुरुवातीलाच. त्यासाठी तो स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करत बसायचा. शब्दांची यादी घोकणारे तेच करतात, फक्त क्लासची फी भरून.

माझी एक मैत्रीण सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून निघून थेट हिंजवडीच्या आयटी कंपनीत पोचली. कोडिंगमध्ये एकदम टॉप, पण क्लायंट कॉल लागला की म्यूट. टीम लीडची जागा तिच्या ज्युनियरला मिळाली. कारण? 'कम्युनिकेशन'. मग बाईसाहेबांनी कंपनीच्या बसमध्ये रोज वीस शब्द, असा सपाटा लावला. चार महिन्यांनी वही भरली आणि कॉलवर एकही शब्द तोंडात येईना. मराठी मीडियमचाच प्रॉब्लेम आहे, असं तिचं ठाम मत झालं.

इथे माझं डोकं फिरलं. कारण ज्याला ती प्रॉब्लेम म्हणत होती, तेच तिचं भांडवल होतं.

'अनॉनिमस' घ्या. ग्रीकमध्ये 'अन्' म्हणजे नाही आणि 'ओनोमा' म्हणजे नाव. आपला 'अनामिक' तसाच बनलाय, आणि ओनोमा-नाम ही सख्खी भावंडं! 'प्रोजेनी' म्हणजे संतती. त्यातला 'प्रो' म्हणजे आपला 'प्र', 'जेन' म्हणजे आपला 'जन्'. झाली की 'प्रजा'. 'कंजेनिटल' म्हणजे जन्मजात, तोच 'जन्'. 'नॉव्हिस' म्हणजे नवखा, तिथे 'नव'. 'व्होसिफरस', म्हणजे आरडाओरडा करणारा, यातला 'व्होस' हा आपल्या 'वाचा'चा नातेवाईक. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली सांगितलं. आपण मात्र अजून 'मला इंग्लिश शब्द लक्षात राहत नाहीत' म्हणतोय.

आणि ज्यांचा फ्लॅट लोनवर आहे त्यांच्यासाठी खास. 'मॉर्टगेज' हा जुन्या फ्रेंचमधला शब्द, अर्थ 'मृत तारण'. त्यातला 'मॉर्ट' म्हणजे आपला 'मृत'! दर महिन्याला ईएमआय कापला जातो तेव्हा जे वाटतं, ते भाषेला आधीच ठाऊक होतं. 'इम्मॉर्टल' म्हणजे अमर आणि 'मॉरिबंड' म्हणजे मरणपंथाला लागलेला, हीही त्याच घरातली.

अर्थात सारखं दिसलं की नातं जोडायचं नाही. 'डे' आणि 'दिन' यांचा काडीचा संबंध नाही. शंका आली तर चांगल्या डिक्शनरीत शब्दाचं मूळ बघायचं, दोन मिनिटांचं काम.

शब्दाचा रंगही बघावा लागतो. 'फ्रूगल' आणि 'मायझर्ली' दोघंही पैसे जपतात, पण पहिला काटकसरी आणि दुसरा चिकट. बॉसला कौतुकाने 'मायझर्ली' म्हणून बघा, अप्रेझलला कळेल. 'चाइल्डलाइक' निरागस, 'चाइल्डिश' बालिश. हा फरक मराठीत आपल्याला झोपेतही कळतो, म्हणून अर्थ मराठीतच लिहावा असं माझं मत. इंग्लिशमधूनच विचार करा म्हणणाऱ्यांना बाजूला ठेवा.

मैत्रिणीने आता यादी बंद केलीय. आठवड्याला पाचच शब्द. प्रत्येकाचं एक कार्ड, त्यावर मूळ, मराठी भावंड आणि ऑफिसमधलं स्वतःचं एक वाक्य. कार्ड दुसऱ्या दिवशी बघायचं, मग चार दिवसांनी, मग पंधरा. मोबाइलवर 'अँकी' हे अ‍ॅप अशी उजळणी आपोआप लावून देतं. तिला मात्र कागदी कार्डंच आवडतात.

परवा कॉलवर क्लायंटने एका जुन्या मॉड्यूलला 'मॉरिबंड' म्हटलं. बाकीचे गुपचूप गूगल करत असताना ती अनम्यूट झाली आणि तिने विचारलं, मग किती दिवस उरलेत त्याचे? क्लायंट हसला आणि पुढची वीस मिनिटं तिच्याशीच बोलत राहिला. लीडच्या नव्या जागेचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे.