जेम्सटाउन कसे तगले?

ज्या नदीत माशांच्या झुंडी येतात, काठच्या रानात हरणे चरतात आणि ज्या मातीत मका माणसाच्या डोक्यावर जातो, तिथे कोणी अन्नावाचून मरेल का? तुम्ही म्हणाल, कशाला मरेल? पण मेले. १६०९-१० च्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, जेम्सटाउन नावाच्या लाकडी कोटात सुमारे तीनशे इंग्रज राहत होते. मे महिना उजाडला तेव्हा त्यांतले साठेक उरले. अमेरिकेतली इंग्रजांची टिकलेली पहिली वसाहत ती हीच. असे का झाले, आणि एवढे होऊनही ती कशी टिकली, ते आज पाहू.

त्याआधीचा एक प्रयत्न तर पुसलाच गेला होता. १५८७ साली रोआनोक बेटावर बायकामुलांसह शंभरावर माणसे उतरली. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट रसद आणायला मायदेशी गेला, तो स्पेनशी जुंपलेल्या युद्धात अडकला आणि १५९० मध्ये परतला. पाहतो तर वस्ती ओस! एका खांबावर 'क्रोआटोअन' हे शेजारच्या बेटाचे नाव तेवढे कोरलेले.

मग १६०६ मध्ये राजा पहिला जेम्स याने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली आणि व्हर्जिनिया कंपनी उभी राहिली. तिचे एक प्रमुख सूत्रधार सर थॉमस स्माइथ. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर तेच. माझ्या मते साऱ्या गोष्टीची मेख इथे आहे. या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चित्र होते ते वखारीचे. सुरतेला वखार घातली, तर धान्य, तेल, तूप बाजारात विकत मिळते. भोवती मोठे राज्य आहे, शेतकरी आहेत, वाणी आहेत. वखारीतल्या कारकुनाने नांगर धरायचे कारण नाही. व्हर्जिनियात असा बाजार कुठला?

तीन जहाजांतून १०४ पुरुष आणि पोरगे मे १६०७ मध्ये जेम्स नदीकाठी उतरले. त्यांतले जवळजवळ निम्मे 'सद्गृहस्थ' म्हणून नोंदलेले, म्हणजे हाताने काम करण्याची सवय नसलेले. पुढच्या जहाजातून सोनार आणि धातू पारखणारे आले, आणि चकाकणारी माती भरभरून लंडनला गेली. ती मातीच निघाली! जागाही निवडली ती स्पेनच्या तोफांची धास्ती मनात धरून. काठाशी पाणी खोल, जहाज थेट झाडाला बांधता येई. पण जमीन दलदलीची. तिथल्या मूळच्या लोकांनी ती जागा वस्तीसाठी रिकामी का ठेवली होती, याचा विचार कोणी केला नाही. उन्हाळ्यात नदी आटली की भरतीचे खारे पाणी वर चढते. हे कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. ही मंडळी तेच मचूळ, घाण पाणी पीत राहिली. ताप आणि हगवण यांनी पहिल्याच उन्हाळ्यात माणसे पटापट मरू लागली. जानेवारी १६०८ मध्ये रसद आली तेव्हा ३८ जिवंत होते.

ते जगले ते शेजाऱ्यांच्या मक्यावर. तीसेक जमातींवर पौहाटन या प्रमुखाची सत्ता होती. तांबे, मणी आणि लोखंडी हत्यारे देऊन इंग्रज त्यांच्याकडून धान्य घेत. कॅप्टन जॉन स्मिथने तर 'काम करील तोच खाईल' असा नियमच घातला आणि काही काळ गाडे चालले. पण ऑक्टोबर १६०९ मध्ये दारूच्या स्फोटात भाजून तो मायदेशी गेला.

आता एक गोष्ट त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती. तिथल्या जुनाट सायप्रस वृक्षांची खोडातली वर्तुळे मोजून संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की, १६०६ ते १६१२ ही सात वर्षे गेल्या ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी होती. म्हणजे शेजाऱ्यांच्याच कणगीत दाणा कमी, आणि हे बंदुका रोखून मागायला उभे. पौहाटनने देणेघेणे तोडले आणि कोटाला वेढा घातला. बाहेर पडेल तो मारला जाई.

आत आधी घोडे संपले, मग कुत्री, मांजरे, उंदीर, साप. शेवटी बुटांचे कातडे शिजवले गेले. माणसांनी माणसे खाल्ल्याचे त्या काळच्या कागदांत लिहिलेले आहे, पण ते किती खरे मानावे याबद्दल वाद होता. २०१२ मध्ये उत्खननात चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी मिळाली. तिच्यावर हत्याराचे घाव होते. ते मृत्यूनंतर, मांस काढण्यासाठी घातलेले होते, असे २०१३ मध्ये तज्ज्ञांनी जाहीर केले. पोरीचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही. संशोधक तिला 'जेन' म्हणतात.

रसदीचे मुख्य जहाज बर्म्युडाच्या खडकांवर फुटले होते. त्यातल्या लोकांनी तिथे दोन नवी गलबते बांधली आणि मे १६१० मध्ये ते येऊन पोचले. इथली दैना पाहून सगळ्यांनीच गाशा गुंडाळला. ७ जूनला वसाहत सोडून ते नदीतून निघालेसुद्धा! वाटेत नवे गव्हर्नर लॉर्ड डेलावेअर यांचा निरोप भेटला : दीडशे माणसे आणि भरपूर शिधा घेऊन येत आहे, मागे फिरा. फिरले. दोन-चार दिवसांचा फरक पडता, तर जेम्सटाउनचेही रोआनोक झाले असते.

पुढे तारले ते तंबाखूने. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचे बी लावले. १६१७ मध्ये वीसेक हजार पौंड माल लंडनला गेला. लोभ असा की, जेम्सटाउनच्या रस्त्यांवरसुद्धा तंबाखू लावलेली होती आणि मका पेरा म्हणून कायदा करावा लागला. ऑगस्ट १६१९ मध्ये एका जहाजाने आणलेले वीसेक आफ्रिकी लोक इथे विकले गेले, तेही शिधासामग्रीच्या मोबदल्यात. तंबाखू जमिनीचा कस ओढून घेते, म्हणून सतत नवी जमीन हवी. ती अर्थातच शेजाऱ्यांची. मार्च १६२२ मध्ये त्यांनी एकाच दिवशी ३४७ इंग्रज मारले. मग इंग्रजांनी वर्षानुवर्षे त्यांची गावे आणि उभी मक्याची शेते जाळली.

१६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द केली. तोवर सहा हजारांहून अधिक माणसे व्हर्जिनियात आली होती. थोडी परत गेली असतील. पण १६२५ च्या सुमारास घरोघर मोजणी झाली, तेव्हा हाताला लागली ती बाराशेंच्या आसपास.