बाहुल्या काढल्या आणि ‘थंडरबर्ड्स’ फसला

वाशीतून बोलतोय. नवी मुंबईची नव्हे हां, आपल्या धाराशिव जिल्ह्यातली वाशी. आजचा प्रश्न असा: बाहुल्यांची लाडकी मालिका खऱ्या माणसांना घेऊन पुन्हा केली, की ती फसते का?

आधी ‘झपाटलेला’ आठवा. १९९३ चा, महेश कोठारेंचा. त्यात सुरुवातीला तात्या विंचू माणूसच असतो, दिलीप प्रभावळकर. पण आपल्या डोक्यात बसला तो रामदास पाध्यांचा बाहुला. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला, तरी तात्या बाहुलाच राहिला.

ब्रिटनमध्ये मात्र उलटं झालं. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची ‘थंडरबर्ड्स’ ही मालिका १९६५-६६ मध्ये आली, एकूण ३२ भाग. ट्रेसी नावाचा बाप आणि त्याची पाच पोरं एका गुप्त बेटावरून अचाट यानं घेऊन निघायची आणि संकटातल्या लोकांना वाचवायची. सगळी पात्रं बारीक तारांवरच्या कळसूत्री बाहुल्या. डोक्यात विजेवर चालणारं यंत्र, त्यामुळं रेकॉर्ड केलेल्या संवादाबरोबर ओठ हलायचे.

पण या बाहुल्यांना धड चालता यायचं नाही. मग त्यांना बसवलं यानांत, सरकत्या खुर्च्यांवर. यानं उडण्याची तयारीच एवढी ऐटीत दाखवली, की पोरं त्यासाठीच टीव्हीसमोर बसायची. म्हणजे अडचणीतूनच मजा तयार झाली.

२००४ मध्ये जोनाथन फ्रेक्स यांनी सिनेमा काढला, खऱ्या नटांना घेऊन. चालण्याची अडचण मिटली. पण बापाला आणि थोरल्या भावांना अवकाशस्थानकात अडकवून ठेवलं, आणि सगळी गोष्ट दिली धाकट्या अ‍ॅलनला आणि त्याच्या दोस्तांना. लोकांना वाचवणारेच अडकले, तर मालिकेतलं उरलं काय? सुमारे ५.७ कोटी डॉलर खर्च झाला, जगभरातून कमाई झाली त्याच्या साधारण निम्मी. खुद्द जेरी अँडरसन यांनीही सिनेमावर कडक टीका केली.

म्हणजे नुसती माणसं घेतली म्हणून तो फसला नाही. बाहुल्यांमुळं मालिकेला जी चाल आली होती, तीच टाकून दिली आणि नाव तेवढं ठेवलं.

हे आपल्यालाही लागू आहे बरं का. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपलाय. उद्या कुणी त्यावर वेब सिरीज काढली, तर ट्रेलर बघून पहिलं एवढंच विचारा: नाव घेतलंत, पण बाहुली कुठंय?