छोटी सायकल आणि मागचा हॉर्न

माणसाचा स्वभाव कर्ज मागताना कळत नाही, कर्ज मिळाल्यावर कळतो, असे आम्ही बँकेतली मंडळी आपसांत म्हणत असू. त्याला एक पुरवणी जोडायला हरकत नाही: तो स्टिअरिंगवर बसला की उरलासुरलाही कळतो. लातूरला असताना वाहनकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. ‘साहेब, बसू का?’ असे विचारून खुर्चीच्या कडेवर टेकणारे कितीतरी अर्जदार मी पाहिले. त्यांतलेच काही पुढे रस्त्यात भेटत; मी सायकलवर, ते मागून हॉर्न दाबत. ‘ओ काका, सरका की बाजूला!’ असे ओरडत जवळ येत आणि ओळख पटली की ओशाळून म्हणत, ‘साहेब, तुम्ही होय!’ म्हणजे ओळख पटेपर्यंत त्यांच्या पुढे माणूस नव्हताच. नुसती आडवी आलेली सायकल होती.

मोठ्या माणसाने हे हसण्यावारी न्यावे. पण सोबत लहान मूल असेल, तेही स्वतःच्या सायकलवर, तर? निवृत्तीनंतर मी नांदेडला स्थायिक झालो. नात नऊ वर्षांची, नातू सात. सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे सायकली बाहेर काढतो. कोणीतरी मागे चिकटून हॉर्न दाबून धरतो, कोणी डिपर मारतो, कोणी अगदी हँडलजवळून कट मारून जातो. नातू घाबरून पाय टेकवतो. नात विचारते, ‘आजोबा, आपलं काय चुकलं?’ काहीच चुकलेले नसते. पण हे तिला पटवायचे कसे?

आमच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकायचे, गुडघे फोडून घ्यायचे. भीती असे ती पोलिसाची. दिवा नसला किंवा डबलसीट सापडलो की तो चाकातली हवा सोडून देई. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. त्या गर्दीतूनही सायकल वाट काढी, कारण बाकीची गर्दीही सायकलींची, हातगाड्यांची आणि पायी चालणाऱ्यांची असे. आज त्याच शहरात शिकवण्यांना निघालेली मुले मोटारी, रिक्षा आणि दुचाक्यांच्या फटीतून जातात. गळिताचा हंगाम लागला की उसाने लादलेले, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि त्यांवर मोठ्याने वाजणारी गाणी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा महामार्ग रुंद झाला आणि वेगाची तीच सवय गावातल्या रस्त्यावरही उतरली.

लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज त्याला नीट येत नाही. मागे वळून पाहिले की त्याचे हँडलही त्याच बाजूला वळते. उंच गाडीच्या बॉनेटपुढे ते दिसतही नाही. इकडे ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती एवढे अंतर खाते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून ‘मी फक्त घाबरवले, लागले कुठे?’ हा चालकाचा युक्तिवाद फोल आहे. घाबरलेले मूल कोणत्या बाजूला पडेल हे त्याच्या हातात नसते, आणि चालकाच्याही.

मग मोठ्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, मुलाला पुढे ठेवावे आणि आपण त्याच्या मागे, किंचित उजवीकडे राहावे. मागून येणाऱ्याला आधी आपण दिसतो आणि मुलाच्या अंगावर येणारी जागा आपोआप भरते. मोठी माणसे दोन असतील तर एकाने पुढे, एकाने मागे. दुसरी गोष्ट, कडेच्या मातीत आणि खडीत मुलाला ढकलू नये. डांबराच्या काठापासून हातभर आत, सरळ रेषेत चालवू द्यावे. अगदी काठाने चालणाऱ्या सायकलला पाहून मागच्याला वाटते, अजून जागा आहे. आणि तो तिथेच घुसतो. उभ्या मोटारीजवळून जाताना तिचे दार उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवावे. वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या, बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात.

मागून हॉर्न सुरू झाला तर मुलाला ‘पटपट मार’ असे कधी म्हणू नये. ‘चालव तशीच, मी मागे आहे,’ एवढेच शांतपणे सांगावे. हात बाजूला करून आपण पाहिले आहे अशी खूण मागच्याला द्यावी आणि पहिली रुंद, सुरक्षित जागा आली की दोघांनी थांबून पाय टेकावेत. जायचे त्याला जाऊ द्यावे. त्याच्याशी हुज्जत घालू नये, शिव्या तर नाहीच. मूल दोन्हीकडचे ऐकत असते. गाडीचा क्रमांक, रंग, वेळ आणि ठिकाण मात्र टिपून ठेवावे. मुलांना हा क्रमांक पाठ करण्याचे काम आवडते आणि भीतीही निम्मी उतरते.

कारण ही फक्त सभ्यतेची बाब नाही, कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक रीतीने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला त्याच दुरुस्तीने पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड ठरवला होता. आणि अल्पवयीन चिरंजीवांच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. टिपलेला क्रमांक वाहतूक शाखेकडे द्यावा. प्रसंग गंभीर असेल तर ११२ वर फोन करावा.

पण सगळा भार आजोबांच्या सावधपणावर टाकून भागणार नाही. रस्ताही तसा हवा. नांदेडला याचा अनुभव आहे. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नेहरू नागरी नूतनीकरण अभियानातून येथले रस्ते नव्याने आखले गेले. त्या आखणीत मोटारींबरोबर पदपथाचा आणि सायकलच्या वेगळ्या वाटेचा विचार होता. देशभरच्या नगररचनाकारांनी त्याची दखल घेतली. मात्र वाट आखणे वेगळे आणि मोकळी ठेवणे वेगळे. सायकलच्या वाटेवर मोटारसायकली उभ्या राहिल्या की सायकल पुन्हा गाड्यांच्या पुढ्यात येते.

सायकलींचा देश म्हणून आज आपण नेदरलँड्सचे कौतुक करतो. तिथेही हे आपोआप झाले नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ असे म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले आणि मग हळूहळू सायकलींच्या वाटा झाल्या. ब्रिटनने २०२२ साली आपल्या वाहतूक नियमावलीत स्पष्ट लिहिले की ज्याचे वाहन अधिक इजा करू शकते, त्याची जबाबदारी अधिक. आपल्या आजीनेही ‘तू मोठा आहेस ना, मग तू जपून’ हेच सांगितले होते.

भीती वाटते म्हणून आपण मुलांना सायकलवरून उतरवून मोटारीत बसवले, तर शाळेच्या दारात आणखी एक मोटार वाढते आणि शेजारच्याचे मूल आणखी घाबरते. ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांचे काय? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या शाळा सुटू नये म्हणून. रस्त्याच्या धास्तीने ती सायकल पडवीत पडून राहिली, तर मुलीची शाळाही तिथेच थांबते.

शेवटी एक हिशेब, जुन्या सवयीने. ताशी दहा किलोमीटरने चाललेल्या मुलाच्या मागे शंभर मीटर जायला ३६ सेकंद लागतात. ताशी चाळीसने ९ सेकंद. थांबणाऱ्याचे नुकसान २७ सेकंदांचे. वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आज वाहन आहे. पुढे छोटी सायकल दिसली, तर एवढी रक्कम तिच्या खात्यावर जमा करा. परतफेड मागू नका.