इमारतीची पुंजी

सोसायटीचे महिन्याचे बिल घरी येते. पाणीपट्टी, जिन्यातले दिवे, रखवालदाराचा पगार, एवढे आपल्याला समजते. त्याखाली एक ओळ असते : सिंकिंग फंड. पुष्कळ जण विचारतात, "हा कसला पैसा? याचं मिळतं काय?"

आज काही मिळत नाही, हे खरे. पण इमारत रोज झिजते आहे. पावसाचे पाणी गच्चीतून झिरपते आणि सिमेंटच्या आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचते. सळई गंजते. गंजली की फुगते आणि वरचे सिमेंट फोडून टाकते. छताचे पोपडे पडतात ते असे. ही झीज कित्येक वर्षे दिसत नाही. दिसते तेव्हा खर्च लाखांत गेलेला असतो, आणि घर घेतेवेळी कमावते असलेले लोक पेन्शनीत निघालेले असतात. तेव्हा त्यांना "एकदम लाख रुपये आणा" म्हटले, तर ते कुठून आणणार?

म्हणून महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुन्याच्या नियमांत, याची सोय आहे. जमिनीची किंमत सोडून घराच्या बांधकामाला जो खर्च आला, त्याचा दर वर्षी निदान ०.२५ टक्का या फंडात घालायचा. समजा, बांधकामाचा खर्च ८ लाख. तर वर्षाचे झाले २,००० रुपये. महिन्याला १६७. अशी २० घरे असली, तर वर्षाला ४०,००० जमतात.

नुसते साठवले, तर २० वर्षांत ८ लाख होतील. तेच दर वर्षअखेर बँकेत मुदतीने ठेवले, ६ टक्के व्याज मिळाले आणि तेही त्यातच राहू दिले, तर सुमारे १४ लाख ७० हजार होतील! व्याज मध्येच काढून खर्चले, की ही वाढ खुंटली. बँकही कोणतीही चालत नाही. कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच हा पैसा ठेवता येतो.

नळ, पंप, रंग यांसाठी दुरुस्ती निधी वेगळा असतो. त्याचा दर वर्षाला निदान ०.७५ टक्का आहे. काही कमिट्यांना बिल लहान दाखवायची भारी हौस! दुरुस्ती निधी घेत नाहीत, मग रंगासाठी सिंकिंग फंडाला हात घालतात. हे बरोबर नाही. सिंकिंग फंड पुनर्बांधणीसाठी, इमारतीला बळकटी देण्यासाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. त्यालाही आर्किटेक्टचा दाखला लागतो आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

कुणी म्हणेल, "मी पाच वर्षांत घर विकणार. मी का भरू?" पण त्या पाच वर्षांत जिना वापरला कुणी?

इमारत १५ वर्षांची झाली, की दर ५ वर्षांनी तिची तपासणी करावी, ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी, असेही उपविधी सांगतात. तपासणीचा कागद आणि फंडाचा आकडा शेजारी शेजारी ठेवले, की पैसा पुरेल की नाही ते कळते. पुरणार नसेल, तर सभेने दर आताच वाढवावा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. तिथे हिशेबाचे पत्रक मिळते. त्यात सिंकिंग फंडाचा आकडा शोधा. शेजारी बँकेतल्या ठेवींचा आकडा पाहा. ठेवी कमी दिसल्या, तर उभे राहून विचारा, "बाकीचा पैसा कुठं आहे?" ठेवीच्या पावत्या पाहायला मागा.