न वाहिलेल्या मातीचं अनुदान

जुलै महिन्यात कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून जाताना कधी खाली पाहिलंत का? रिक्षाच्या घाईत बहुतेकांचं राहून जातं. पाणी तेव्हा चहाच्या रंगाचं असतं. लहानपणी आम्ही म्हणायचो, आज नदीने चहा टाकलाय. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं, कविता लिहू लागलो, त्या रंगावरही दोन कविता करून मोकळा झालो. तो रंग म्हणजे आमच्याच शेतातली माती आहे, हे कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

आमचं गाव मुरबाडच्या अंगाला. दोन एकर भातशेती. सातबारावर माझंही नाव आहे, पण कसतो माझा चुलत भाऊ. काळू नदी तिकडून येते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. म्हणजे त्याच्या खाचरातून पावसाळ्यात जे निसटतं, ते माझ्या घरावरून खाडीला जातं.

हे निसटणं आपल्या भातशेतीच्या रीतीतच आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, दाढ टाकायची, पाऊस लागला की शेत नांगरून त्याचा लोण्यासारखा चिखल करायचा आणि मग आवणी. चिखल केल्याने पाणी धरून राहतं आणि रोप सहज रुतवता येतं, हा फायदा खराच. पण चिखलणीत मातीचे कण सुटे होतात. मोठी सर आली, बांध भरून वाहिला, की त्यातला सगळ्यांत बारीक आणि सकस भाग पहिला जातो. राबाचं दुखणं तर फारच जुनं. १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्याच्या जंगलांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हाही राबासाठी डहाळ्या तोडण्याचा हक्क हा वादाचा मुद्दा होता. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, गावात अजून राब भाजतात.

भावाने हे सगळं थांबवायचं ठरवलं, ते काही पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. आवणीला माणसंच मिळेनात. तरुण पोरं भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. मग कुणीतरी त्याला नेरळला नेलं. कर्जतच्या वाटेवरचं हे गाव आपल्या लोकलच्या नकाशावर आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस टेक्निक’ ही पद्धत बसवली. एकदाच गादीवाफे करायचे, ते पुन्हा मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत बी आणि खत टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. भात कापल्यावर मुळं उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. त्याच वाफ्यावर पुढे वाल, मूग, हरभरा. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांतून हवा-पाणी खाली जातं आणि गांडुळं परत येतात.

भावाने अर्धा एकर धरला. पहिल्या वर्षी तणाने त्याचा जीव काढला. या पद्धतीची दुबळी बाजू तीच. नांगरट नाही म्हटल्यावर तण मारायला तणनाशक लागतं. त्यातल्या ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध आणले आणि ते फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांकडूनच फवारून घ्यावं, असा नियम केला. अर्ध्या एकरासाठी मुरबाडात असा माणूस कुठून आणायचा? भाऊ आणि भावजय पंधरा दिवस वाकून बेणत होते. दुसऱ्या वर्षी तण कमी झालं. तिसऱ्या पावसात त्याने मला मुद्दाम बोलावलं आणि दोन खाचरांचं पाणी दोन बाटल्यांत भरून समोर ठेवलं. नांगरलेल्या खाचराची बाटली आपल्या पुलाखालच्या नदीसारखी, दुसरी जवळजवळ नितळ. मी कविता वगैरे काही केली नाही. मी त्याला म्हणालो, “यासाठी सरकारचं काही अनुदान असेल बघ.”

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

तो चौकशीला गेला. कुठल्या कार्यालयात ते सोडा. समोरचा माणूसही भला होता. त्याने विचारलं, “काम काय केलंत?” भाऊ म्हणाला, “साहेब, काम केलंच नाही. नांगरलं नाही, चिखल केला नाही.” साहेब हसले. “मग मोजू काय?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनुदान म्हणजे लोकांचा पैसा, तो मोजमापाशिवाय देता येत नाही. शेततळं मोजता येतं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा कमाल ५० हजार रुपये मिळत. पुढे ही मर्यादा ७५ हजारांवर गेली. आधी मंजुरी, मग खोदाई, मग मोजणी, आणि मग खात्यात पैसे. ठिबकचे नळ मोजता येतात. लहान शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेतले ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. न गेलेली माती कशी मोजणार?

गंमत अशी की, गेलेली माती सरकार मोजतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ ची. तलावात साचलेला गाळ काढून शेतात टाकायचा. २०२३ पासून लहान शेतकऱ्याला तो वाहून नेण्यासाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत मदत देऊ केली आहे. योजना चांगलीच आहे, पण जरा उलटी करून पाहा. माती आधी धरणात जाऊ द्यायची, मग ट्रॅक्टरने परत आणायची, तर पैसे. जी शेतातच राहिली, तिला छदाम नाही! आणि हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. कल्याण-डोंबिवली, ठाण्याचे आपण लोक याच मुलखातल्या उल्हास आणि बारवीचं पाणी पितो.

‘नवकल्पनेला’ अनुदान नाही, असंही नाही. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०१८-१९ पासून शेतीतल्या नव्या उद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि पुढे २५ लाखांपर्यंत रक्कम देण्याची सोय झाली. पण त्यासाठी विकता येईल अशी वस्तू किंवा सेवा हवी. मुळं जमिनीत राहू देणं, ही वस्तू कोण कुणाला विकणार? मराठवाडा-विदर्भात जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्या गावांत या बिननांगरणीच्या शेतीचा प्रसार झाला, तोही दुष्काळी भाग म्हणून. आपला ठाणे जिल्हा पडला पावसाचा!

अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्याने धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं न कसता गवताखाली ठेवल्याबद्दल शेतकऱ्याला वार्षिक भाडं द्यायला सुरुवात केली. २००२ च्या कायद्याने संवर्धनाच्या नव्या युक्त्या आजमावण्यासाठी वेगळं अनुदान काढलं. त्यांची शेतं शेकडो एकरांची, आमची गुंठ्यांची. त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण न करण्याचे पैसे देता येतात, एवढं तरी त्यातून दिसतं.

आणि आपल्याकडेही त्याची वाट अर्धी झालेली आहे. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर ठरतात. म्हणजे खड्डा खणला म्हणून सगळे पैसे नाहीत, झाड जगवलं तर. तसंच वाफ्यांचं करता येईल. मोजपट्टीही तयार आहे. २०१५ पासून देतात त्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहे. आज तपासा, तीन वर्षांनी पुन्हा तपासा. कर्ब वाढला, वाफे शाबूत असले, कापणीनंतर मुळं जागेवर दिसली, तर हप्ता द्या. कृषी सहायकाने ऑक्टोबरात एकदा बांधावर उभं राहिलं तरी पुरे. पहिली दोन वर्षं तणाची आणि तोट्याची असतात, खरी गरज तेव्हा असते. त्या काळात एकट्याने तग धरायचा, हे दोन एकरवाल्याला झेपत नाही.

भावाला ते झेपलेलं नाही. मागच्या महिन्यात त्याने माझ्याकडे एक कागद पाठवला. सामाईक जमीन असल्याने अर्जाला सहहिस्सेदाराचं संमतीपत्र लागतं. अर्ज शेततळ्याचा आहे आणि तळं खणायचं आहे त्याच अर्ध्या एकरात, जिथे सहा वर्षं नांगर लागलेला नाही. तळं वाईट नाही. हिवाळ्यात भाजीला पाणी होईल, घरात चार पैसे येतील. त्याचा धाकटा तर सगळंच गोदामवाल्याला देऊन टाकू म्हणतो. त्यापेक्षा तळं शंभरपटीने बरं.

मी फोन केला. “तळं वरच्या खाचरात नाही का बसणार?”

“तिथे हातभर खाली कातळ लागतो, भाई.”

“खणून पाहिलंस?”

“अब्बा सांगायचे.”

कागद अजून सहीशिवाय माझ्या टेबलावर आहे. या रविवारी मुरबाडची एसटी धरतो आहे. त्याला म्हटलंय, पहार काढून ठेव.